दहा दिवसांच्या लीगने फुटसालला काय दिलं?

अर्धं_मैदान

परवा भाचा टर्फवरून खेळून आला आणि पायरीवर बूट आपटत म्हणाला, "मामा, फुटसाल म्हणजे आम्ही खेळतो तेच ना?" मी नाही म्हणालो, फुटसाल म्हणजे छपराखाली, कडक कोर्टवर, पाच-पाच जणांचा फुटबॉल. मग फुटसाल बघायला जायचं कुठे हे सांगताना माझी पंचाईत झाली.

2016 च्या जुलैत आपल्याकडे प्रीमियर फुटसाल झाली होती. 15 तारखेला चेन्नईत सुरुवात, 24 ला गोव्यात फायनल. सहा शहरांचे संघ. लुईस फिगो अध्यक्ष, विराट कोहली जाहिरातीत. एकेकाळी मोठी मैदानं गाजवलेले फुटबॉलपटूही आणले होते: मुंबईकडे रायन गिग्ज, बंगळुरूकडे स्कोल्स, कोलकात्याकडे क्रेस्पो, कोचीकडे साल्गादो, गोव्याकडे रोनाल्डिन्हो. गोव्याने बंगळुरूला 7-2 हरवलं त्यात रोनाल्डिन्होचे एकट्याचे पाच गोल. मग तो मध्येच परत गेला आणि त्याच्या जागी काफू आला. कप मुंबईने घेतला, कोचीला हरवून. 2017 ला दुसरा हंगाम झाला आणि लीगने गाशा गुंडाळला.

मी तेव्हा हरखून बघत होतो. आज वाटतं, त्या हंगामाने फुटसालचं भलं झालं नाही. दहा दिवसांत खेळाडू घडत नाही. पहिल्या सामन्यात बावरलेल्या पोराला आठ-दहा सामने मिळाले तर त्याचे पाय मोकळे होतात. इथे तोवर बक्षीस समारंभ उरकला होता. शिवाय कोर्टवरच्या पाचांत आपला खेळाडू एखाद-दुसरा. भारतीय फुटबॉल महासंघाने लीगला मान्यता दिली नाही. बिनमान्यतेच्या स्पर्धेत खेळलं तर कारवाई होऊ शकते, मग नोंदणीकृत खेळाडू कशाला त्या वाटेला जाईल?

याच्या शेजारी प्रो कबड्डी ठेवून बघा. 2014 चा पहिला हंगाम, तोही भर पावसाळ्यात, इनडोअरच, आठ संघ. पण चढाईला जाणारा आपला, पकड करणारा आपला. सांगली जिल्ह्यातला काशिलिंग आडके त्या एका हंगामात घराघरात पोचला. प्रीमियर फुटसालमधल्या एका तरी भारतीय खेळाडूचं नाव तुम्हाला न शोधता आठवतंय का? मला नाही आठवत, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हापशाचा_कीपर

मामा, मला हे पटत नाही. तुम्ही नावं आठवताय, मी त्या दहा दिवसांत काय शिकलो ते सांगतो.

मी गावच्या संघात गोलकीपर होतो. आमच्याकडे कीपर म्हणजे उडी. जितकी लांब उडी तितका कीपर मोठा. त्या जुलैत पहिल्यांदा फुटसालचे खरे कीपर बघितले. ते उडी मारतच नव्हते. स्ट्रायकर समोर आला की दोन पावलं पुढे, एक गुडघा जमिनीलगत, दुसरा पाय आडवा पसरलेला, हात अंगापासून सुटे, छाती उघडी. गोल फक्त तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच. एवढ्या जवळून चेंडू बघून उडी मारायला वेळच नसतो, म्हणून अंगाचीच भिंत करायची. मी घरी गादी टाकून महिनाभर तेवढंच केलं. मांडीचे स्नायू असे भरून यायचे की जिना उतरता यायचा नाही.

आणि कीपरने चेंडू हातात आल्यावर चार सेकंदांत सोडायचा, हेही तेव्हाच कळलं. चार सेकंद! आम्ही चेंडू कवटाळून वेळ काढायचो.

गिग्ज, स्कोल्स निवृत्त होऊन आले होते, हे बरोबर. पण चेन्नईकडे फाल्काओ होता. कोलंबियाचा नव्हे, ब्राझीलचा, फुटसालचा. 2004 आणि 2008 च्या फुटसाल वर्ल्ड कपचा सर्वोत्तम खेळाडू. तो माणूस भारतात येऊन खेळला हे लहानसहान नाही. माझ्यासारख्याला हा खेळ वेगळा आहे हे त्याने दाखवलं. महासंघाची वाट बघत बसलो असतो तर तेही दिसलं नसतं.

पेठेतला_मागचा_बाक

मी कोल्हापूरचा, माझं दोघांशीही जमणार नाही.

शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीचा फुटबॉल संघ खेळत असताना येऊन बघा. दुपारी तीनला दगडी पायऱ्या तापलेल्या असतात, खाली कागद घालून बसावं लागतं, तरी जागा नसते. माणसं गिग्जसाठी येत नाहीत. गल्लीतला पोरगा खेळतोय म्हणून येतात. हरला तर आठवडाभर पेठेत मान खाली, जिंकला तर गुलाल. संघ असा पाहिजे. त्या लीगमधल्या मुंबई संघाचा चाहता कुठल्या गल्लीतला होता? दादरचा का कुर्ल्याचा? संघामागं माणसंच नसली तर हंगाम दहा दिवसांचा असो का दहा महिन्यांचा, काय फरक पडतो?

आमचा अनिकेत जाधव 2017 चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला. मोकळ्या मैदानावर वाढला, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झाला. छपराखालच्या फुटबॉलची गरज काय, हे मला आधी कुणीतरी समजावून सांगा.

अर्धं_मैदान

@पेठेतला_मागचा_बाक, दादा, संघामागं माणसं हवीत हे शंभर टक्के मान्य. पण फुटसाल हा मोकळ्या मैदानाला पर्याय नाही, तो वेगळाच खेळ आहे. कोर्ट 40 बाय 20 मीटर. चेंडू चार नंबरचा, मुद्दाम जड वाटेल असा. दोन मीटरवरून सोडला तर पहिला टप्पा 50 ते 65 सेंटिमीटरच घेतो. त्यामुळे तो उधळत नाही, पायाखाली राहतो, आणि तळव्याने ओढून वळवता येतो. एका हाफमध्ये संघाचे पाच फाउल झाले की सहाव्यापासून प्रत्येक फाउलला समोरच्याला दहा मीटरवरून थेट फटका, भिंत उभी करायची नाही. म्हणजे ढकलाढकली करून काम भागत नाही. ब्राझीलची पोरं यातूनच मोठ्या मैदानात जातात, रोनाल्डिन्हो आणि नेमार दोघंही यातूनच गेले. अनिकेतसारख्या पोराला दहाव्या-बाराव्या वर्षी हे मिळालं तर तो आणखी पुढे जाईल, एवढंच माझं म्हणणं.

@म्हापशाचा_कीपर, तुझा गुडघा वाचून छान वाटलं. तू घरी गादी टाकलीस, पण पुढे? तुला खेळायला सामने मिळाले का?

म्हापशाचा_कीपर

नाही मिळाले. हे खरं आहे.

बालेवाडी_ते_बाणेर

छोट्या हंगामाला एवढं धरून बसू नका. आयएसएल, म्हणजे मोठ्या मैदानाची इंडियन सुपर लीग, 2014 ला सुरू झाली तीही जेमतेम सव्वादोन महिन्यांची. आमच्या पुण्याकडे फ्रान्सचा त्रेझेगे होता, तोही उतरतीला लागलेला. तरी लीग वाढत गेली. फरक एकच, तिच्यामागे महासंघ होता. तेव्हा दोष हंगामाच्या लांबीचा नाही, मान्यतेचा आहे. (तरीही एफसी पुणे सिटी 2019 ला बंद झाला, ती जखम वेगळी.)

सरोवराकाठचा

मी विस्कॉन्सिनमध्ये असतो, म्हणून इथलं सांगतो. अमेरिकेत भिंतींचा फुटबॉल आहे. आइस हॉकीच्या रिंकवर गवती गालिचा अंथरायचा, कडेच्या फळ्या तशाच, चेंडू फळीवर आदळून परत येतो आणि खेळ चालूच. फुटसालवाल्यांना हे बिलकुल आवडत नाही, पण बघायला मजा येते. त्यांची मोठी लीग 1978 च्या डिसेंबरात सहा संघांवर सुरू झाली. पहिली चार विजेतेपदं न्यूयॉर्क ॲरोजची, त्यांचा स्टीव्ह झुंगुल गोलांच्या राशी घालायचा. 1992 ला ती लीग बुडाली. संघ गावं बदलत राहिले, बंद पडत राहिले.

पण आमच्या गावचा मिलवॉकी वेव्ह 1984 पासून आजही आहे. माझी मुलगी हिवाळ्यात, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, छपराखाली खेळते. तिच्या शेजारच्या मुलाचा बाबाही इथेच लहानपणी खेळला. म्हणून अर्धं_मैदान यांच्याशी मी अर्धा सहमत. चौदा हंगाम चाललेली लीगसुद्धा बुडू शकते. लीग राहील का, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. ती गेल्यावर गावात हॉल आणि खेळणारी पोरं राहिली का, हे बघा.

अर्धं_मैदान

हे मला आवडलं, आणि त्याच मापाने मोजलं तर प्रीमियर फुटसाल नापासच होते. चेन्नईचं इनडोअर स्टेडियम आधीही होतं, नंतरही आहे. एक कोर्ट नवीन झाल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. महासंघाने स्वतःची फुटसाल क्लब स्पर्धा आणली ती 2021 च्या नोव्हेंबरात, दिल्लीत. भारताचा पुरुष फुटसाल संघ आशियाई कपाच्या पात्रता फेरीत पहिल्यांदा उतरला तो 2023 ला, ताजिकिस्तानातल्या दुशांबेत. त्याच आशियात जपानची लीग 2007 पासून चालू आहे. म्हणजे 2016 ला ज्यांनी मान्यता नाकारली, त्यांनी स्वतः पाऊल टाकायला पाच वर्षं लावली. माझा राग दोघांवरही आहे.

पावसातली_ताई

मी शाळेत मुलींना फुटबॉल शिकवते, पुण्याजवळ. जून ते सप्टेंबर मैदान म्हणजे चिखल, त्यामुळे आमचं वर्षाचं निम्मं काम पाण्यात जायचं. एका वर्षी मुख्याध्यापकांकडून प्रार्थनेचा हॉल मागून घेतला. शहाबादी फरशी, खांबांना जुन्या गाद्या बांधल्या, चिकटपट्टीने रेषा मारल्या. चेंडू फुटसालचाच आणला, स्वतःच्या पैशांनी.

पहिल्या दिवशी मुलींना तो मेलेला वाटला. "ताई, हवा कमी आहे." तिसऱ्या आठवड्यात सातवीतल्या एका मुलीने तळव्याने चेंडू मागे ओढला, अंगावर आलेली मुलगी पुढे निघून गेली, आणि ही वळून मोकळी. मी तिला हे शिकवलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "दादाच्या मोबाइलवर बघितलं." काय बघितलं होतं? 2016 चा रोनाल्डिन्हो, गोव्याच्या जर्सीत.

म्हणून त्या लीगला नापास म्हणताना माझी जीभ अडखळते. पण मान्य, या मुलीला पुढे खेळायला काही नाही. मला मोठी लीग नको. जुलै-ऑगस्टमध्ये तालुक्यातल्या आठ शाळा, प्रत्येकीचे सात सामने, मिळेल त्या हॉलमध्ये. कोल्हापूरच्या दादांना सांगते, प्रत्येक शाळेमागे तिचं गाव येईल. पाच शाळा तयार आहेत. तीन शाळांकडे हॉल आहे पण फरशी गुळगुळीत आहे, मुली घसरतात. त्यावर काय अंथरता येईल, कमी खर्चात, हे कुणाला माहीत असेल तर कृपया इथेच लिहा.

पेठेतला_मागचा_बाक

ताई, आमच्या तालमीत कुस्तीच्या जुन्या मॅट पडून आहेत, पण त्यावर चेंडू अडकेल. कबड्डीची मॅट चालेल का बघा, ती पातळ असते. एका मंडळाकडं आहे, विचारून उद्या सांगतो.