१९७८ च्या शेव्ही सी-१० ला १९८४ च्या सबर्बनचं हूड बसेल का?

ह्यूस्टनकर७८
नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९७८ ची शेव्हरोले सी-१० पिकअप आहे, लाँग बेड, ३५० घनइंची इंजिन, रंग बराचसा मूळचा. परवा ऑइल बघायला हूड (बॉनेट) उघडलं आणि बंद करताना मागच्या बाजूला, हिंजच्या थोडं पुढे, पत्रा मधूनच वर आला. जोर लावला नव्हता, नेहमीसारखंच पुढून धरून खाली ओढलं होतं. आता दोन्ही कडांना घडी पडलीये, मागचा भाग काउलच्या (काचेखालच्या पत्र्याच्या) वर राहतो आणि हायवेला गाडी काढायची हिंमत होत नाही.

इथून तासाभरावर एका भंगार यार्डात १९८४ च्या सबर्बनचं हूड आहे, गंज अजिबात नाही, भाव पण परवडतो. यार्डवाला म्हणतो ७३ ते ८७ सगळी स्क्वेअरबॉडी (ह्या चौकोनी पिकअपचं टोपणनाव) एकच, बोल्ट काढ आणि बोल्ट लाव. नेटवर अर्धे लोक हो म्हणतात अर्धे नाही. कोणी प्रत्यक्ष बसवलं असेल तर सांगा, शनिवारपर्यंत मला हो की नाही कळवायचंय.

फिनिक्सचा_बाळू
दादा ते ८४ चं घेऊ नका. केबिन ७३ ते ८७ एकच आहे हे खरं आणि त्यामुळेच सगळा गोंधळ होतो, पण १९८१ ला जीएमने (जनरल मोटर्स, शेव्हरोले आणि जीएमसी दोन्हीची कंपनी) पेट्रोल वाचावं म्हणून गाडीचं अख्खं तोंड बदललं, हूड, फेंडर (पुढच्या चाकांवरचा पत्रा), ग्रिल, बंपर सगळं. तुमच्या ७८ च्या फेंडरची वरची रेष वेगळी आहे आणि ८४ च्या हूडची पुढची कड वेगळी आहे, मागे हिंजला ते कदाचित लागेलही पण पुढे येऊन ग्रिलशी आणि फेंडरशी जमणार नाही, आणि मग लोक पत्रा ठोकत बसतात.

म्हणजे हूड बघताना गाडीचं नाव नाही, तोंड कुठलं आहे ते बघायचं. तुमच्यासाठी १९७३ ते १९८० मधलं काहीही चालेल. सी-१०, सी-२०, सी-३०, फोर बाय फोर असेल तर के-१०, के-२०, आणि जीएमसीचे तेच पिकअप, शिवाय त्याच वर्षांतली सबर्बन आणि ७३ पासूनची ब्लेझर, जिमी. सगळ्यांचं हूड एकच. यार्डात फोन केला की लोक फक्त "७८ सी-१० चं हूड आहे का" विचारतात आणि काउंटरवरचा पोरगा नाही म्हणून फोन ठेवतो, मागे रांगेत ७६ ची जीएमसी सबर्बन उभी असते तिच्याकडे कोणी बघत नाही. म्हणून हॉलंडरचा इंटरचेंज नंबर काढून त्यावर शोधायला सांगा. अमेरिकेतले यार्ड बरीच दशकं हेच नंबर वापरतायत, कुठला पार्ट कुठल्या गाड्यांना चालतो ते त्यात एका नंबराखाली येतं.

आणि उलट बाजूने, कोणाकडे ८१ ते ८७ चा पिकअप असेल तर त्यांना सबर्बन आणि ब्लेझर १९९१ पर्यंतच्या चालतात कारण पिकअप ८७ ला बदलला तरी ह्या दोन्ही जुन्याच अंगाने ९१ पर्यंत निघत होत्या, क्रू कॅब (चार दारांचा पिकअप) पण. त्यामुळे त्यांना हूड सहज मिळतं, तुम्हाला जरा हिंडावं लागेल.

८४ चं तोंड आवडलंच असेल तर एक रस्ता आहे, फेंडर, हूड, ग्रिल, रेडिएटर सपोर्ट (रेडिएटर धरणारी पुढची चौकट), बंपर असा पूर्ण पुढचा भाग उचलून लावायचा, तो केबिनला बसतो. पण मूळ रंगाची ७८ असताना मी तरी ते करणार नाही.

ओहायोतून_माधव
बाळूशी सहमत. फक्त कुठलं घ्यायचं ह्यावर बोलतो. आमच्याकडे रस्त्यावर मीठ टाकतात त्यामुळे इथलं हूड वरून छान दिसलं तरी पुढच्या ओठाच्या आत, जिथे वरचा पत्रा आतल्या फ्रेमवर दुमडलाय, तिथून सडलेलं असतं. उलटं करून टॉर्च मारा, त्या दुमडीतून तपकिरी भुकटी पडली तर सोडून द्या. मॅग्नेट घेऊन जा आणि वरून फिरवा, जिथे धरत नाही तिथे पुट्टी भरलीये. टेक्सासचा पश्चिम भाग, न्यू मेक्सिको, ॲरिझोना इकडचं हूड रंगाने जळालेलं असेल, वर बारीक गंजाचा थर असेल, तरी तेच घ्या. वरवरचा गंज सँडरने जातो, दुमडीतला जात नाही.

अजून एक, हूड उघडून आतली फ्रेम हिंजच्या पुढे दोन्ही बाजूंना बोटाने चाचपा. तुमच्या हूडला जिथे घडी पडली तीच ह्या गाड्यांची कमजोर जागा आहे. अपघातात हूड काच फोडून आत येऊ नये म्हणून कंपनीने मुद्दामच तिथे वाकायची खाच ठेवलीये. बऱ्याच जुन्या हूडना तिथे एकदा घडी पडून सरळ केलेली असते आणि वर पुट्टी असते, ते परत तिथेच वाकतं.

डेंटिंगवाला_कोल्हापूर
मी कोल्हापुरात डेंटिंगचं काम करतोय, अमेरिकन ट्रक हाताखालून गेले नाहीत पण पत्रा सगळीकडे सारखाच वागतोय म्हणून लिहितो.

साहेब, बॉनेट कुठलं घ्यायचं हे नंतर, आधी तुमची घडी का पडली ते बघा. बॉनेट आपोआप वाकत नाही. बिजागरीचे रिव्हेट सुकून जाम झालेत, स्प्रिंग ताठ आहे, तुम्ही पुढून खाली ओढताय आणि मागे बिजागरी फिरतच नाही, मग जिथे पत्रा कमजोर तिथे तो मोडतोय. त्याच बिजागरीवर नवीन बॉनेट लावलं तर ते पण जाणार. बिजागऱ्या काढून डिझेलमध्ये भिजवा, प्रत्येक सांध्यात ऑइल सोडून हातानं मोकळ्या फिरेपर्यंत हलवत राहा, मग ग्रीस. पिनमध्ये खेळ आला असेल, आडवी डुगडुगत असेल, तर नवीन घ्या, तिथे पैसे वाचवू नका. स्प्रिंगला हात बॉनेट पूर्ण उघडं असतानाच लावा, तेव्हा ताण सगळ्यात कमी असतोय, आणि डोळ्याला चष्मा पाहिजेच.

आमच्याकडे जीपचं हेच होतंय. विलीज सीजे-३ए चं बॉनेट बसकं, ३बी चं उंच, कारण ३बी ला हरिकेन एफ-हेड इंजिन आलं ते उंचीला जास्त. महिंद्रानं ३बी चाच साचा पुढं चालवला म्हणून आपल्याकडं उंच बॉनेटच दिसतंय. मग कोण तरी हौसेनं जुनं बसकं बॉनेट शोधून आणतंय आणि म्हणतंय लाव. ग्रिल उंच, काउल उंच, लावणार कुठं?

ह्यूस्टनकर७८
बाळू, माधव, कोल्हापूरचे दादा, तिघांचे मनापासून आभार. हिंज आज बघितले, डाव्या बाजूचा जवळपास दगड झालाय, हाताने हलत नाही. ८४ वाल्याला नाही सांगितलं. तुमच्या सांगण्याप्रमाणे सबर्बन विचारत फोन केले तर एका ठिकाणी १९७७ ची जीएमसी सबर्बन निघाली, हूडचे फोटो मागवलेत, खाचेच्या जागेचे पण. आता बसवायचं कसं ते सांगा, घरी मी आणि माझा मुलगा दोघंच आहोत, लिफ्ट वगैरे काही नाही.

डेंटिंगवाला_कोल्हापूर
दोघं पुरे, पण घाई नको. काउलवर आणि फेंडरच्या मागच्या कोपऱ्यांवर जाड घोंगडी टाका, कडांना मास्किंग टेप मारा, पहिला ओरखडा तिथेच पडतोय. जुनं काढायच्या आधी बिजागरीभोवती मार्करनं रेघ मारून ठेवा, नवीन बॉनेट निदान त्या जागी आणून सुरुवात करता येते.

बॉनेट ॲडजस्ट करायच्या आधी फेंडर बघा. दरवाजा आणि फेंडरमधली फट वर-खाली सारखी नसेल तर बॉनेटची फट कधीच सारखी येणार नाही, लोक बॉनेटशी कुस्ती करत बसतात आणि दोष फेंडरचा असतोय. काम मागून पुढं करत यायचं, दरवाजा, फेंडर, बॉनेट, शेवटी ग्रिल.

मग बोल्ट हातानं जेमतेम आवळून बॉनेट बसवा. बॉनेट बिजागरीला ज्या बोल्टांनी लागतंय तिथं पुढं-मागं सरकवता येतंय, आणि बिजागरी बॉडीला ज्या बोल्टांनी लागतीय तिथनं मागची उंची जमते. पुढच्या कोपऱ्यांची उंची रबरी बफरवर. पहिल्यांदा बंद करताना लॅच काढून ठेवा, नाहीतर वाकडं बसून लॉक झालं तर उघडायला दिवस जातोय. हळू खाली आणा, मुलाला मागच्या कोपऱ्याकडं बघायला सांगा, काउलला टेकतंय असं वाटलं की थांबा. दोन्ही बाजूला साधारण ५ मिलिमीटर फट आली की बोल्ट आवळा आणि मग लॅच लावून मध्यावर आणा. आणि इथून पुढं बंद करताना एका कोपऱ्याला धरून ओढू नका, मधोमध हात ठेवा.

ओहायोतून_माधव
दादांनी फेंडरचं सांगितलं त्याला जोडून. ह्या गाड्यांत रेडिएटर सपोर्ट चासीवर रबरी बुशवर बसतो आणि इतक्या वर्षांत ते रबर चेपून किंवा कुजून गेलेलं असतं. मग अख्खं नाक खाली झुकतं, दरवाज्याजवळ फेंडरची फट वर रुंद आणि खाली अरुंद होते. नवीन बुश स्वस्तात मिळतात, जॅकखाली लाकडाचा तुकडा ठेवून सपोर्ट जरासा उचलायचा आणि बदलायचे. जुना बोल्ट गंजून तुटायची शक्यता जास्त, आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा.

नवा_मेंबर_पुणे
मध्येच विचारतो, फायबरग्लासचं हूड हलकं असतं, ते का नाही घ्यायचं?

फिनिक्सचा_बाळू
घेता येतं, पण मूळ स्प्रिंग जड लोखंडी हूडसाठी आहेत. त्यावर हलकं हूड लावलं की स्प्रिंग ते सतत वर ढकलत राहतात, बंद करताना वाकतं, बोल्टच्या भोकांपाशी तडे जातात. मग हलके स्प्रिंग घालायचे किंवा हिंज काढून चार पिनांवर उचलून ठेवायचं हूड करायचं. रेसिंगला ठीक, रोज ऑइल बघणाऱ्या माणसाला त्रास.

नवीन लोखंडी रिप्रो (मूळ हूडच्या नकला) मिळतात, त्यांची कड कधी कधी थोडी फिरलेली असते, म्हणून रंगवायच्या आधी एकदा गाडीवर बसवून बघायचंच. आणि त्यावर जो काळा थर येतो तो वाहतुकीत गंज लागू नये म्हणून असतो, थेट त्यावर रंग मारू नका, सँडिंग करून इपॉक्सी प्रायमर मारा आणि मग पुढचं.

ह्यूस्टनकर, ७७ चे फोटो आले की इथे टाका, आतल्या फ्रेमचा जवळून घेतलेला नक्की.