मदत हवी आहे : विद्यापीठ ग्रंथालयाचे संकेतस्थळ दिव्यांग वाचकांसाठी सुगम करताना सुरुवात कुठून करावी?

नमस्कार.

मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात साहाय्यक ग्रंथपाल आहे आणि संकेतस्थळाची जबाबदारी गेल्या वर्षापासून माझ्याकडे आली आहे. मला एचटीएमएल वाचता येते आणि किरकोळ दुरुस्त्याही करता येतात, पण मी प्रोग्रामर नाही, हे आधीच सांगून टाकते.

आमच्या ग्रंथालय समितीने डब्ल्यूसीएजी २.२ या, संकेतस्थळे दिव्यांगांना वापरता यावीत यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांची 'एए' ही मधली पातळी गाठायचे ठरवले. त्यानुसार मी मुख्य पाने एका स्वयंचलित साधनाने तपासली, शंभरापैकी ९४ गुण मिळाले आणि काम जवळपास संपलेच, असा माझा समज झाला. एक अंध संशोधक विद्यार्थिनी माझ्या शेजारी बसून एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली) लावून पुस्तक शोधू लागली आणि पाच मिनिटांत तो समज उतरला.

तिने शब्द टाइप करून 'शोधा' बटण दाबले, पण पुढे काहीच ऐकू आले नाही. निकाल पडद्यावर केव्हाच आले होते, मात्र पान नव्याने न उघडता मजकूर आतल्या आत बदलत असल्यामुळे स्क्रीन रीडरला त्याची वर्दी मिळालीच नव्हती, त्यामुळे शोध अजून चालूच आहे असे समजून ती थांबून राहिली. पुढे निकालांच्या यादीत वीस वेळा 'मुखपृष्ठ' आणि वीस वेळा 'अधिक माहिती' एवढेच ऐकू आले. प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर (चित्राऐवजी स्क्रीन रीडर वाचतो ते शब्द) आहे म्हणून तपासणीचे साधन खूश होते, पण सगळीकडे तोच एक शब्द आहे, हे त्याला कळण्याचे कारण नव्हते. पुस्तक उपलब्ध आहे की नाही हे आम्ही केवळ हिरव्या आणि लाल ठिपक्याने दाखवतो, म्हणजे तिथेही तिला काही कळले नाही (रंगांधळ्या वाचकांचेही तेच होत असणार, हे मला त्या क्षणी सुचले आणि स्वतःचाच राग आला). शेवटी आरक्षणाची तारीख निवडायचे कॅलेंडर उघडले, तर त्यात माऊसशिवाय शिरताच येईना. तोवर दहा मिनिटे झाली आणि कोणतीही पूर्वसूचना न देता लॉगिन संपले.

माझ्या अडचणी तीन आहेत. पहिली म्हणजे या सगळ्यात आधी काय हाती घ्यावे, कारण मला आठवड्यातून फार तर एक दिवस या कामासाठी मिळतो. दुसरी अडचण भाषेची आहे. आमच्या सूचीत मराठी, हिंदी आणि इंग्रजी ग्रंथ एकत्र आहेत. पानाची भाषा इंग्रजी म्हणून घोषित असल्यामुळे त्या विद्यार्थिनीच्या संगणकावर मराठी शीर्षके इंग्रजी आवाजात तुटक वाचली जात होती आणि काही ठिकाणी तर आवाज सरळ गप्प बसत होता. हजारो नोंदींना हाताने भाषा लावत बसणे शक्य नाही. तिसरी अडचण सर्वांत मोठी आहे. सुमारे सहा हजार जुने प्रबंध आम्ही पीडीएफ स्वरूपात ठेवले आहेत, पण त्यांतले बहुतेक म्हणजे नुसती पानांची छायाचित्रे आहेत. काही प्रबंधांत मजकूर आहे, पण तो युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला असल्यामुळे डोळ्यांना मराठी दिसतो आणि स्क्रीन रीडर मात्र रोमन अक्षरांचा अर्थहीन पसारा वाचतो. हे सगळे दुरुस्त करायचे म्हटले तर माझी निवृत्ती होईल. कोणी असे काम केले असल्यास क्रम कसा लावला, ते कृपया सांगावे.

प्रतिसाद १

मी ग्रंथालयांसाठी संगणकप्रणालीचे काम करतो. पानागणिक दुरुस्ती करू नका, साचा दुरुस्त करा. शोधपेटी, निकालांची यादी आणि ग्रंथाच्या नोंदीचे पान हे तीन साचे नीट झाले की हजारो पाने एकदम सुधारतात. निकाल आल्यावर '४३ नोंदी सापडल्या' असे वाक्य 'स्टेटस' ही भूमिका (मजकूर बदलला की स्क्रीन रीडरला वर्दी देणारी एचटीएमएलमधली खूण) दिलेल्या भागात उमटवा, म्हणजे वाचकाला आहे तिथून न हलता ते ऐकू येईल. ग्रंथाचे शीर्षक शेजारी लिहिलेलेच असते, तेव्हा मुखपृष्ठाच्या चित्राचा पर्यायी मजकूर मुद्दाम रिकामा ठेवा आणि 'अधिक माहिती' हा दुवा काढून शीर्षकालाच दुवा करा. ठिपक्याशेजारी 'उपलब्ध' किंवा 'बाहेर दिलेले' असा शब्द लिहा. लॉगिन संपण्यापूर्वी इशारा देऊन वेळ वाढवून घेण्याची सोय ठेवणे ही तर 'ए' या सर्वांत खालच्या पातळीचीच अट आहे.

भाषेचे काम तुम्हाला वाटते तितके अवघड नाही. तुमच्या नोंदी मार्क २१ या, ग्रंथालयांच्या संगणकीय नोंदींच्या प्रमाण पद्धतीच्या असतील, तर ००८ या क्षेत्रात ३५ ते ३७ या स्थानांवर भाषेचा तीन अक्षरी संकेत आधीच भरलेला असतो. मराठीसाठी तो 'एमएआर' असतो आणि एचटीएमएलला 'एमआर' हवा असतो. दोन्हींची एक छोटी तक्ती करून शीर्षकाभोवती भाषेची खूण आपोआप लावता येते. ज्या नोंदींत तो संकेत चुकीचा भरला आहे त्या यानिमित्ताने उघड्या पडतील, आणि त्या बऱ्याच निघतील.

प्रतिसाद २

मी स्वतः स्क्रीन रीडर वापरतो. प्रत्येक निकालाचे शीर्षक 'हेडिंग' म्हणून बांधलेले असले, तर मी एच ही कळ दाबत एका ग्रंथावरून दुसऱ्यावर उड्या मारत जातो. तसे नसेल तर संपूर्ण यादी ओळीओळीने ऐकावी लागते. एवढी एक गोष्ट केलीत तरी आम्हा लोकांचा अर्धा वेळ वाचेल.

दोन गोष्टी मात्र करू नका. 'दृष्टिहीनांसाठी' म्हणून वेगळे, नुसत्या मजकुराचे संकेतस्थळ काढू नका, कारण सहा महिन्यांत ते शिळे होते आणि नवी सूचना मूळ पानावरच लागते. तसेच कोपऱ्यात अक्षर मोठे करणारे, रंग बदलणारे आयते उपकरण बसवून सुगम्यता झाली असे मानू नका. माझी साधने माझ्या संगणकावर आहेत, मला तुमच्या पानाची रचना सरळ हवी आहे. अल्पदृष्टी वाचक पान चारशे टक्के मोठे करतात, तेव्हा ते आडवे सरकवावे लागू नये, हेही एकदा पाहून घ्या. ग्रंथालयाची ओळख करून देणाऱ्या चित्रफितींना उपशीर्षके आहेत का, हा कर्णबधिर विद्यार्थ्यांचा प्रश्न तुमच्या यादीत दिसला नाही, म्हणून आठवण करून देतो.

प्रतिसाद ३

प्रबंधांबाबत आमच्याकडे जो क्रम चालला तो सांगते. आजपासून जमा होणारा प्रत्येक प्रबंध युनिकोडमध्ये आणि मथळ्यांची रचना असलेल्या पीडीएफमध्येच घ्यायचा, असा नियम आम्ही आधी करून घेतला, म्हणजे ढीग वाढायचा थांबला. मग अभ्यासक्रमाच्या वाचनयादीतले साहित्य घेतले. उरलेले मागणीनुसार करतो, आणि प्रत्येक जुन्या प्रबंधाच्या पानावर 'सुगम प्रत हवी आहे' असे बटण व किती दिवसांत मिळेल ते लिहिले आहे. ती मुदत पाळली गेली नाही तर बटणाचा काही उपयोग नाही. स्वामित्वहक्काची भीती कोणी घातली, तर २०१३ सालच्या माराकेश कराराकडे बोट दाखवा. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी सुगम प्रत करण्याची मुभा कायद्यात ठेवण्याचे बंधन तो करार सदस्य देशांवर घालतो. आपल्या कायद्यातले नेमके शब्द मात्र विधी विभागाकडून तपासून घ्या.

बाहेरून विकत घेतलेल्या डेटाबेसांचा उल्लेख आपण केला नाही, पण तो प्रश्न येणारच. करार नूतनीकरणाच्या वेळी पुरवठादाराकडून सुगम्यता अनुरूपता अहवाल (सुगम्यतेचा कोणता निकष कितपत पाळला आहे ते सांगणारा) मागा आणि त्यात 'अंशतः' असे जिथे जिथे लिहिले आहे तिथे थांबून कारण विचारा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. निकालांची शीर्षके आता 'हेडिंग' झाली आहेत आणि उपलब्धता शब्दांत दिसते. भाषेच्या तक्तीचे काम प्रणालीच्या पुरवठादाराकडे दिले आहे. हिंदी ग्रंथांना मराठीचा संकेत लावलेल्या नोंदी पहिल्याच दिवशी सापडल्या, त्यामुळे प्रतिसाद १ मधला इशारा खरा ठरला. कॅलेंडर दुरुस्त होईपर्यंत शेजारी तारीख टाइप करायची साधी पेटी दिली असून, त्याच विद्यार्थिनीने परवा तिच्यातून स्वतः आरक्षण केले. चित्रफिती अजून तशाच आहेत.

आणखी एक विचारायचे आहे. जुन्या टंकलेखित प्रबंधांची ओसीआर (पानाच्या छायाचित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणे) करताना जोडाक्षरे आणि तळटीपा फार बिघडत आहेत. अशा पानांचे मुद्रितशोधन करून घेताना एका पानाला साधारण किती वेळ धरावा, आणि तळटीपा मूळ जागी ठेवाव्यात की प्रकरणाच्या शेवटी न्याव्यात?