एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर गुडघा पुढची वीस वर्षं टिकवायचा आहे, व्यायाम कोणता धरू?

रानवाट: एसीएलची (गुडघ्यातल्या लिगामेंटची, म्हणजे हाडं जोडणाऱ्या बंधाची) शस्त्रक्रिया, ग्राफ्ट (त्याजागी बसवलेला नवा बंध) मांडीमागच्या स्नायूचा, आतल्या मेनिस्कसचा (गुडघ्यातल्या गादीचा) तुकडाही काढलाय. वर्ष झालं, फिजिओ संपली. पळणं, सायकल, पोहणं, बॅडमिंटन यातलं काय धरू, काय सोडू? "जपून करा" सोडून काहीही सांगा.

खडीसाखर: लिगामेंट नवं बसलं म्हणून झीज टळत नाही. दुखापतीतच कूर्चेला (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला) मार बसलेला असतो आणि गादीचा तुकडा गेला की तोच भार कमी जागेवर येतो. म्हणून खेळ नंतर, आधी मांडीचा पुढचा स्नायू.

जिममधल्या लेग एक्स्टेन्शनवर (बसून गुडघा सरळ करत वजन उचलायचं मशीन) एकेक पाय वेगळा तपासा. लेग प्रेसवर (पायांनी वजन ढकलायचं मशीन) भरवसा नको, तिथे नितंब मदतीला येतात आणि कमजोरी झाकली जाते. चांगल्या पायाच्या ९० टक्के तरी ताकद हवी. (तो पायही वर्षभरात उतरलेला असतो, तेव्हा ९० आले म्हणून हुरळू नका.) आठवड्यातून दोनदा, ६ ते ८ वेळांचे ३-४ सेट, वजन एवढं की शेवटचे दोन जड जावेत. वाटीपुढे दुखलं तर गुडघा ९० ते ४५ अंश वाकलेला असेल तेवढ्याच टप्प्यात करा.

टाचदुखी: सायकल उत्तम, पण ताकदीचं काम ती करत नाही. पॅडल तळाला असताना गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला हवा. सीट खाली राहिली की वाटीपुढे दुखतं आणि बिचाऱ्या ग्राफ्टला बोल लागतो. पोहताना बेडकासारखी लाथ नको, गुडघा आतून ताणला जातो. फ्रीस्टाइल चालेल.

पळायचं तर १ मिनिट पळणं, २ मिनिटं चालणं, असं ८ वेळा, एक दिवसाआड. पळाल्याच्या दुसऱ्या सकाळी पाय सरळ ठेवून बसा, वाटीच्या आतल्या बाजूचा खळगा तळव्याने मांडीकडे पुसा, मग बाहेरच्या बाजूने वरून खाली हात फिरवा. खळगा फुगून आला तर आत पाणी आहे. ते ओसरेपर्यंत पळणं बंद, नंतर त्याआधी जेवढं कमी पळत होता तिथून पुन्हा.

खडीसाखर: बॅडमिंटन सगळ्यात शेवटी. एका पायावर उडी मारून उतरताना गुडघा आत पडत असेल तर कोर्टवर जाऊच नका. जमल्यावरही आधी डबल्सच.

रानवाट: पालथं झोपून पाय पलंगाबाहेर सोडले की शस्त्रक्रियेच्या पायाची टाच दुसरीपेक्षा ३ सेंमी वर राहते. चालतंय का?

खडीसाखर: नाही. १ सेंमी म्हणजे साधारण १ अंश, म्हणजे पाय ३ अंश कमी सरळ होतोय. अशा गुडघ्यावर पळू नका, मांडी भरत नाही आणि वाटीवर ताण येतो. टाचेखाली उशी, गुडघा अधांतरी, १० मिनिटं, दिवसातून तीनदा. शेवटी काही आडवं आल्यासारखं अडत असेल तर ताणून उपयोग नाही. ग्राफ्टपुढे व्रणाची गाठ असू शकते, शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना दाखवा.