मदत हवी आहे: बाबांसाठी घेतलेला स्टॅनलेचा लोखंडी रंधा नक्की कोणत्या सालचा?

वैदेही_हार्टफर्ड

नमस्कार मंडळी. सुतारकामाची किंवा जुन्या अमेरिकन हत्यारांची माहिती असणाऱ्यांनी कृपया वेळ काढून वाचा, थोडं लांब झालंय.

मी कनेटिकटमध्ये हार्टफर्डजवळ राहते. गेल्या शनिवारी आमच्या भागात एका घराचा इस्टेट सेल (घरातलं सगळं जुनं सामान विकायला काढतात तो) होता. तळघरातल्या बाकावर गंजलेल्या हत्यारांचा ढीग पडला होता आणि त्यात स्टॅनले या अमेरिकन कंपनीचा एक लोखंडी रंधा दिसला. १८ डॉलरला घेतला. पुढच्या टोकाला ‘बेली’ (स्टॅनलेच्या रंध्यांच्या मालिकेचं नाव) आणि ‘नं. ५’ अशी ओतीव अक्षरं आहेत. लांबी बरोबर १४ इंच.

तो कुणासाठी घेतला ते सांगते, म्हणजे प्रश्न नीट कळेल. माझे बाबा सुतार. गाव संगमेश्वर तालुक्यात. तरुणपणी आठ वर्षं मुंबईत एका फर्निचरच्या कारखान्यात होते. सगळे कारागीर लाकडी रंध्यावर काम करायचे, पाचर ठोकून पातं बसवायचं. मालकाकडे मात्र एक विलायती लोखंडी रंधा होता. सागवानी दरवाजाचा शेवटचा हात मारायचा असला की तो कपाटातून निघायचा, आणि तो हात बाबांचा असायचा. काम झालं की पुन्हा कपाटात. स्वतःचा लोखंडी रंधा बाबांना कधी घेता आला नाही. अजूनही बोलता बोलता त्याचा विषय निघतो. म्हणून या गणपतीला जाताना हा घेऊन जायचा विचार आहे.

आता अडचण. पात्याच्या मागे, तळावर तीन तारखा ओतलेल्या आहेत: २५ मार्च ०२, १९ ऑगस्ट ०२ आणि १९ एप्रिल १०. विकणारा म्हणाला, रंधा १९०२ चा. ऑफिसमधला एक जण म्हणतो, शेवटची तारीख धरायची, म्हणजे १९१०. तिसऱ्याने फोटो पाहून सांगितलं की हा चार रंध्यांचे भाग जोडून बनवलेला आहे, घ्यायलाच नको होता. त्यानंतर मला चैन नाही. बाबांच्या हातात देताना ‘हा अमुक सालचा’ असं खरं सांगता यायला हवं.

दुसरं, गंज कसा काढू? कुणी म्हणालं, रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेव. अजून हात लावलेला नाही.

तासणी

वैदेहीताई, आधी तो व्हिनेगरचा बेत रद्द करा. व्हिनेगर गंज काढतं हे खरं, पण तासन्‌तास ठेवलं तर गंजाखालचं चांगलं पोलादही खातं आणि करडे डाग राहतात. आतला काळा लेपही सैल पडायचा धोका असतो. तार-ब्रशचं ग्राइंडर तर अजिबात नको. शिलाई मशीनचं तेल, जुना टूथब्रश आणि सुती फडकं, एवढ्यावर सुरुवात करा.

आता तारखा. त्या पेटंटच्या आहेत, रंधा बनल्याच्या नाहीत. ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. एप्रिल १९१० च्या पेटंटची तारीख आहे म्हणजे तळ त्याआधीचा असूच शकत नाही, इतकं पक्कं. पण तिन्ही तारखा एकत्र आहेत यातून दुसरी बाजूही कळते. अमेरिकेत तेव्हा पेटंट १७ वर्षं चालायचं. १९०२ मध्ये १७ मिळवा, १९१९ येतं. दोन जुनी पेटंटं संपली आणि त्याच सुमारास त्या दोन तारखा साच्यातून गेल्या, एकटी १९१० ची राहिली. म्हणून तिन्ही तारखांचा तळ १९१० ते १९१८ च्या दरम्यानचा धरतात. संग्राहक त्याला ‘टाइप ११’ म्हणतात. हे ‘टाइप’ कंपनीने पाडलेले नाहीत. नंतरच्या लोकांनी शेकडो रंधे शेजारी ठेवून फरक टिपले, त्यातून ते आले. कारखान्यात शिल्लक भाग संपेपर्यंत वापरले जायचे, त्यामुळे एखाद-दुसरं वर्ष इकडेतिकडे होणारच.

हे झालं तळाचं. बाकीचे भाग वेगळे तपासावे लागतील. मला एवढं सांगा: पातं खालीवर करायची पितळी चाकी किती व्यासाची आहे? पुढची गोल मूठ बुटकी आहे की उंच? मुठीच्या बुडाशी तळावर उभारलेलं कडं आहे का? पातं दाबून धरणाऱ्या लिव्हर कॅपचं भोक कसं आहे? आणि पात्याच्या वरच्या टोकाला काय कोरलंय? तिथे घासू नका, तेल लावून वाट पाहा.

वैदेही_हार्टफर्ड

तासणी, खूप आभार. काल रात्री मुलं झोपल्यावर ओट्यावर वर्तमानपत्र पसरून बसले.

चाकी बरोबर १ इंच. मूठ उंच आहे, आणि बुडापाशी एक उभी चीर गेलीय, नख अडकतं. तळावर कडं नाही, सपाट. लिव्हर कॅपचं भोक घेवड्याच्या दाण्यासारखं आहे, वर ‘स्टॅनले’ असं नाव उठावदार.

पात्याला तेल लावून तासभर ठेवलं आणि मग फडक्याने हळूहळू पुसत गेले. तांबूस चिखल निघाला, मग काळं, मग एक रेघ दिसली. आधी वाटलं ओरखडा आहे. अजून दोन वेळा तेल लावल्यावर कळलं की ती रेघ वळतेय. बदामाचा आकार आहे, आत ‘एस डब्ल्यू’ आणि वर ‘स्टॅनले’. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, पण नवऱ्याला उठवून दाखवलं.

मागची मूठ वरच्या टोकाला तुटलेली आहे, शिंगासारखा भाग गेलाय. लाकूड गडद, जवळजवळ जांभळट.

तासणी

छान तपासलंत. आता उलगडतं.

१ इंची चाकी जुन्या घडणीची. १९१९ च्या सुमारास ती सव्वा इंचाची झाली. म्हणजे तुमची चाकी तळाच्या काळाशी जुळते आणि ते दोन्ही एकाच रंध्याचे असणार.

उंच मूठ मात्र १९१९ नंतरची. त्याआधी ती बुटकी, कांद्यासारखी असायची. उंच केल्यावर हाताला बरी पडली, पण जोर बुडावर येऊन लाकूड चिरायला लागलं. म्हणूनच पुढे १९२९ च्या सुमारास तळावर कडं ओतायला सुरुवात झाली, मूठ त्यात बसावी आणि फुटू नये म्हणून. तुमची उंच मूठ सपाट तळावर बसवलेली आहे आणि चीर नेमकी तिथेच गेलीय.

बदाम म्हणजे ‘स्वीटहार्ट’ शिक्का. रंधे बनवणारी स्टॅनले रूल अँड लेव्हल आणि बिजागऱ्या, कड्या बनवणारी स्टॅनले वर्क्स या तुमच्याच राज्यातल्या न्यू ब्रिटन शहरातल्या दोन वेगळ्या कंपन्या. १९२० मध्ये त्या एक झाल्या. ‘एस डब्ल्यू’ म्हणजे स्टॅनले वर्क्स, आणि बदाम त्यांचे अध्यक्ष विल्यम हार्ट यांच्या नावावरून. त्यामुळे हे पातं १९२० च्या आधीचं असूच शकत नाही. साधारण १९३५ पर्यंत हा शिक्का होता.

घेवड्याच्या दाण्याचं भोक १९३३ पासूनचं. त्याआधी ते किल्लीच्या भोकासारखं असायचं.

तेव्हा खरं उत्तर असं: रंधा पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे बनला, नंतर मूठ बदलली, पातं झिजल्यावर नवं आलं आणि १९३३ नंतर कधीतरी लिव्हर कॅप. ‘चार रंधे जोडून बनवलेला’ असं म्हणणाऱ्याने भाग बरोबर ओळखले, पण अर्थ चुकीचा लावला असं माझं मत आहे. हे कुणीतरी वीस-पंचवीस वर्षं रोज वापरलेलं हत्यार आहे. पातं धार लावून लावून संपतंच. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, पडलं की तुटतं. कपाटात पडून राहिलेल्या रंध्याचे भाग कोण कशाला बदलेल?

ओहायोकर

तासणी यांच्याशी बराचसा सहमत, तरी एक सावधगिरी. भाग एकाच कारागिराने बदलले की अलीकडे कुणा विक्रेत्याने सुटे भाग जोडून रंधा उभा केला, हे नुसत्या शिक्क्यांवरून ठरत नाही. झिजेवरून थोडा अंदाज येतो. लिव्हर कॅप काढून चिपब्रेकरवर (पात्यावर स्क्रूने बसवलेली पोलादी पट्टी) तिचा दाब पडतो ती जागा पाहा. बरीच वर्षं सोबत असतील तर तिथे एकच स्वच्छ, चकचकीत पट्टा पडलेला असतो. दोन-तीन वेगवेगळे पट्टे दिसले तर जोडी नवी.

संग्राहकाच्या दृष्टीने असा रंधा किमती नाही, हे स्पष्ट सांगतो. त्यांना सगळे भाग एका काळाचे लागतात. पण काम करायचं असेल तर उत्तम. नंबर ५ इतक्या प्रचंड संख्येने बनले की दुर्मीळ नाहीत, आणि तेच चांगलं आहे. वापरताना जीव दडपत नाही.

त्याहून महत्त्वाचं, बिडाला चीर आहे का ते पाहा. पातं जिथून बाहेर येतं त्या फटीचे दोन्ही कोपरे आणि बाजूच्या भिंती, उजेड तिरका धरून. चीर असेल तर साल कुठलंही असो, उपयोग नाही.

वैदेही_हार्टफर्ड

ओहायोकर दादा, चीर नाही. दोन्ही कोपरे भिंगातून पाहिले. लिव्हर कॅपखाली एकच पट्टा आहे, पाण्यासारखा गुळगुळीत. ते पाहून फार बरं वाटलं.

आणि न्यू ब्रिटन माझ्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर! त्याला ‘हार्डवेअर सिटी’ म्हणतात हे माहीत होतं, कारण माहीत नव्हतं. म्हणजे हा रंधा शंभर वर्षांत फार लांब गेलेलाच नाही. आता एकदम रत्नागिरी जिल्ह्यात निघालाय.

विमानात काही अडचण येईल का? वजन दोन किलोच्या आसपास भरतं.

रानजाई

वैदेही, केबिन बॅगेत ठेवू नकोस. सात इंचांपेक्षा लांब हत्यारं अमेरिकेत केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. चेक-इन बॅगेत, पातं वेगळं काढून जाड पुठ्ठ्यात गुंडाळून.

पण मी लिहायला बसले ते दुसऱ्या कारणासाठी. तू लाकूड जांभळट गडद आहे म्हणालीस. त्या काळात स्टॅनलेच्या मुठी सहसा ब्राझीलच्या रोझवुडच्या असायच्या. आपल्या शिसवीचंच भावंडं ते, एकाच कुळातलं. तोडून तोडून ते झाड इतकं कमी झालं की १९९२ पासून ते साइट्स कराराच्या (धोक्यात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे सगळ्यात कडक यादीत. सीमेपलीकडे न्यायचं तर जुन्या लाकडालाही कागदपत्रं लागतात. मी लाकडी वाद्यांच्या बाबतीत हा त्रास जवळून पाहिलाय. दोन मुठींसाठी तो धोका पत्करू नकोस.

तशीही एक मूठ तुटकी, एक चिरलेली. दोन्ही काढून इथेच ठेव आणि नुसतं लोखंड ने. बाबा सुतार आहेत ना तुझे?

तासणी

रानजाई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अगदी योग्य सल्ला.

वैदेहीताई, मुठी काढाल तेव्हा आतल्या लोखंडी सळया आणि वरच्या पितळी नटा जिवापाड सांभाळा. त्यांचे आटे स्टॅनलेचे स्वतःचे आहेत, १२ नंबरच्या जाडीला इंचात २० फेरे. हार्डवेअरच्या दुकानातला कुठलाच नट त्यावर बसत नाही, इथेही नाही आणि भारतात तर नाहीच. सुटल्या सुटल्या नट परत सळईवर फिरवून ठेवा. जुन्या मुठींचा पुठ्ठ्यावर आकार काढून घ्या, सळईचं भोक कुठून शिरतं आणि कुठे निघतं ते खुणा करून.

वैदेही_हार्टफर्ड

रानजाई, तू लिहिलंस ते वाचून आधी हिरमुसले होते. मग काल बाबांना व्हिडिओ कॉल लावला. गुपित ठेवायचं होतं, पण मापं विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

रंधा कॅमेऱ्यासमोर धरला. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “उलटा कर. तळ दाखव.” तळ पाहिला. “पट्टी लाव आडवी. खालून उजेड दिसतो का?” मी स्टीलची पट्टी लावली. मध्यभागी अगदी बारीक, केसाएवढा उजेड दिसला. “चालेल. काचेवर पॉलिश पेपर लावून काढू.” कोणत्या सालचा हे त्यांनी विचारलंच नाही. मीच सांगितलं, पहिल्या महायुद्धाच्या वेळचा, पातं नंतरचं. त्यावर म्हणाले, “पातं नंतरचंच असणार. सुतार काय एका पात्यावर जन्म काढतो?”

मुठींचं सांगितल्यावर आई मागून म्हणाली की पडवीच्या माळ्यावर शिसवीचा तुकडा पडून आहे, जुन्या पलंगाच्या पायाचा. बाबा तेवढ्यात उठून बघायलाही गेले.

तासणी, शेवटचं एक विचारते. मागच्या मुठीतलं भोक तिरपं जातं आणि लांब आहे. मी बाबांना म्हटलं, आकार कापून झाल्यावर ते सरळ कसं पाडणार? ते म्हणाले, “आधी भोक, मग आकार. चौकोनी ठोकळ्यात गिरमिट सरळ जातं, वळणात पळतं.” त्यांना फक्त एवढं हवंय की वरच्या टोकाला पितळी नट लाकडात किती खोल बसते. माझ्या मुठीचा नेमका तोच भाग तुटलेला आहे. तुमच्याकडे धड मूठ असेल तर मोजून सांगाल का? विमान २४ तारखेला आहे.