बेचाळीसचा लढा, कम्युनिस्ट आणि नाना पाटील

कृष्णाकाठ (प्रश्न):
आमचे गाव वाळवा तालुक्यातले. १९४२ च्या ‘छोडो भारत’ लढ्यात सातारा भागात नाना पाटलांनी उभ्या केलेल्या समांतर सरकारची, म्हणजे पत्री सरकारची, माणसे भूमिगत होती तेव्हा माझी आजी त्यांना उसाच्या फडात भाकरी पोचवत असे. पाटीत खाली भाकरी आणि वर गवत कसे रचायचे, हे ती आम्हां नातवंडांना करून दाखवायची. कम्युनिस्टांविषयी मात्र तिच्या तोंडून कधी बरा शब्द निघाला नाही, कारण ‘बेचाळीसला ती माणसं इंग्रजाच्या बाजूला गेली.’ पण ज्या क्रांतिसिंह नाना पाटलांचे नाव ती हात जोडून घेई, ते पुढे त्याच पक्षात गेले आणि १९५७ मध्ये साताऱ्यातून, १९६७ मध्ये बीडमधून लोकसभेवर निवडून आले. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा?

जुनी_कात्रणे:
आपल्या आजींचा राग रास्त होता. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा कम्युनिस्टांनी त्याला साम्राज्यवादी युद्ध म्हटले, आणि २ ऑक्टोबरला मुंबईच्या कामगारांनी युद्धाविरोधात संपही केला. २२ जून १९४१ रोजी हिटलरने सोव्हिएत रशियावर हल्ला केल्यावर काही महिन्यांतच पक्षाच्या लेखी तेच युद्ध ‘लोकयुद्ध’, म्हणजे इंग्रजांना साथ देण्याजोगे युद्ध, झाले. जुलै १९४२ मध्ये सरकारने पक्षावरील बंदी उठवली, आणि ८ ऑगस्टला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर काँग्रेस समितीतील कम्युनिस्ट सभासदांनी ‘छोडो भारत’ ठरावाच्या विरोधात मत दिले. विरोधात मत देण्याचे धैर्य दाखवल्याबद्दल गांधीजींनी त्याच दिवशीच्या भाषणात त्यांचे अभिनंदन केले, हेही नमूद केले पाहिजे. फॅसिझमचा धोका खरा होता, पण तुरुंगात जाणाऱ्या आपल्याच माणसांपासून दूर राहून तो टळणार नव्हता. मॉस्कोच्या गरजेप्रमाणे येथील लढ्याची दिशा ठरवणे ही चूकच होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

सोलापूरकर:
वरील उत्तराशी सहमत आहे, परंतु त्यात ‘डावे’ म्हणजे केवळ कम्युनिस्ट असे गृहीत धरलेले दिसते. काँग्रेस समाजवादी पक्षाची, म्हणजे काँग्रेसमधल्याच समाजवाद्यांच्या गटाची, कल्पना आकाराला आली ती नाशिकच्या तुरुंगात, सविनय कायदेभंगात पकडलेल्या जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, ना. ग. गोरे यांच्या चर्चांतून. पक्ष १९३४ मध्ये स्थापन झाला. बेचाळीसची भूमिगत चळवळ मोठ्या प्रमाणात याच मंडळींनी चालवली. ९ ऑगस्टला गवालिया टँकवर झेंडा फडकवणाऱ्या अरुणा असफ अली याच गटातल्या, आणि त्यासुद्धा पुढे काही वर्षे कम्युनिस्ट पक्षात होत्या. तेव्हा भांडण राष्ट्रवादी आणि डावे यांच्यात जितके होते, तितकेच ते डाव्यांच्या घरातलेही होते.

गिरणगाव:
मला मूळ प्रश्नातील नाना पाटलांकडे परत यावेसे वाटते. पत्री सरकार म्हणजे केवळ तारा तोडणे आणि खजिने लुटणे नव्हते. गावोगावच्या न्यायदान मंडळांनी सावकारीची, जमिनीची, बायकांच्या छळाची प्रकरणे तडीस लावली. इंग्रज गेला तरी सावकार गावातच राहणार, हे ज्यांनी त्या निवाड्यांत डोळ्यांनी पाहिले, त्यांना १९४७ नंतर काँग्रेस पुरेशी वाटली नाही. म्हणून नाना आधी शेतकरी कामगार पक्षात आणि तेथून कम्युनिस्ट पक्षात गेले. त्यांनी बेचाळीस सोडला असे मी म्हणणार नाही. बेचाळीसमधले अर्धे राहिलेले काम ते पुढे घेऊन गेले.

मुंबईतही स्वराज्य आणि भाकरी यांची फारकत नव्हती. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा वर्षाला एक याप्रमाणे सहा दिवस गिरण्या बंद राहिल्या, आणि दूर बसलेल्या लेनिनने त्या संपाची दखल घेतली. ज्या पक्षाने बेचाळीसला पाठ फिरवली, त्यानेच फेब्रुवारी १९४६ मध्ये इंग्रजांच्या नौदलातील हिंदी नाविकांच्या उठावाच्या पाठीशी २२ तारखेला संप पुकारला. त्या वेळी काँग्रेस आणि मुस्लिम लीगचे नेते नाविकांना शरण जाण्याचा सल्ला देत होते, आणि जहाजांवर मात्र काँग्रेस, लीग व लाल असे तिन्ही झेंडे एकत्र लागले होते. परळच्या गोळीबारात कमल दोंदे मारल्या गेल्या. परळच्या चाळींतल्या बायका त्यांचे नाव घेत, त्यात बेचाळीसचा हिशेब कोणी काढत नसे.

कृष्णाकाठ:
न्यायदान मंडळाविषयी वाचून आठवले. आजीच्या माहेरची गहाण पडलेली जमीन अशाच एका निवाड्यात सुटली होती. ‘नानांनी सोडवली’ एवढेच ती म्हणायची. हे आणि पुढचा लाल बावटा यांचा धागा मी कधी जोडून पाहिला नव्हता.