पीएचडीचा गाईड सायटेशनचा आकडा बघून निवडायचा काय? (कॅन्सर प्रतिबंध / पब्लिक हेल्थ)

निपाणीचा_पोरगा

नमस्कार मंडळी, धाकट्या बहिणीसाठी विचारतोय. तिनं बीडीएस केलं, मग एमपीएच (पब्लिक हेल्थमधली मास्टर्स), आता पीएचडी करायची म्हणतीय आणि विषय तिच्या डोक्यात आधीपासनंच पक्का आहे, आमच्या निपाणी भागातल्या तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायका आणि तोंडाचा कॅन्सर. आमची आज्जी वखारीत तंबाखू चाळायला जायची, त्यामुळं हे घरचंच आहे म्हणा.

आता गाईड दोन आहेत. एक सर, बेंगळूरला, मोठं नाव, गुगल स्कॉलर उघडलं तर सायटेशन (म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या पेपरात ह्यांच्या पेपरचा दिलेला दाखला) चौदा हजारच्या वर आणि एच-इंडेक्स पन्नासच्या आसपास. दुसऱ्या मॅडम, बेळगाव बाजूच्या, पेपर चाळीसेक आणि सायटेशन हजाराच्या आत. घरात सगळ्यांचं एकच, सरांकडं जा. मामा तर म्हणाले चौदा हजार वेळा लोकांनी नाव घेतलंय म्हणजे उगीच काय. बहीण मात्र मॅडमकडं झुकलीय आणि कारण विचारलं की नुसती हसतीय. मी ट्रान्सपोर्टमधला माणूस, मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही, पण सरांच्या यादीतले वरचे सात-आठ पेपर उघडून बघितले तर प्रत्येकाला लेखक शेकड्यानं! सरांचं नाव कुठं आहे ते शोधायला सर्च मारायला लागला. हे असं असतंय काय? का काहीतरी गडबड आहे?

ग्रंथालयवाला_बेळगाव

दादा, गडबड नाही, पब्लिक हेल्थमध्ये असे पेपर असतात. ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज म्हणून एक अवाढव्य प्रकल्प आहे, कुठल्या देशात कुठल्या रोगानं किती माणसं दगावतात त्याचा हिशोब मांडतात, लॅन्सेट नावाच्या मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये छापून येतो आणि जगभरातले शेकडो कोलॅबोरेटर त्याचे लेखक असतात. आता कॅन्सरवर कुणीही पेपर लिहायला घेतला की पहिलं वाक्य ठरलेलं, जगात दरवर्षी इतके लाख लोक कॅन्सरनं जातात वगैरे, आणि त्या वाक्याच्या शेपटाला हा पेपर नाहीतर ग्लोबोकॅनचा (जगभरातल्या कॅन्सरच्या आकडेवारीचा) पेपर लावायचा. सायटेशन हजारांनी वाढतात ते असे, आणि गुगल स्कॉलर ते लेखकांत वाटून देत नाही, प्रत्येकाच्या खात्यावर पूर्णच्या पूर्ण जमा होतात. सरांनी त्यात काम केलं नसेल असं मी म्हणत नाही, पण किती केलं ते त्या आकड्यावरनं कळायला मार्ग नाही.

एच-इंडेक्स २००५ साली हर्श नावाच्या फिजिक्सवाल्यानं काढला. ज्याचे २० पेपर प्रत्येकी निदान २० वेळा साईट झालेत त्याचा एच २०, बस. सोपं आहे म्हणून सगळ्यांनी उचललं, पण तो वाढतच जातो, माणूस रिटायर होऊन गावाकडं शेती बघत बसला तरी वाढतो, आणि पेपरवर तुमचं नाव पहिलं आहे की तीनशेवं ह्याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

माझ्याकडं पोरं येतात त्यांना मी सांगतो की आकडा झाका आणि यादी वर्षानुसार लावून घ्या, मग फक्त तेच पेपर बघा ज्यात नाव पहिलं किंवा शेवटचं आहे. मेडिकलमध्ये साधारण पहिल्यानं काम केलेलं असतं आणि शेवटच्याच्या देखरेखीखाली झालेलं असतं. नावाचीही खात्री करा, आपल्याकडं एस. पाटील आणि ए. कुलकर्णी रग्गड, प्रोफाइल ऑटो-अपडेटवर सोडली की दुसऱ्याच पाटलाचे पेपर येऊन पडतात, एका डेंटिस्टच्या खात्यावर उसाच्या खोडकिडीचा पेपर मी ह्या डोळ्यांनी बघितलाय. ऑर्किड नंबर (संशोधकाचा स्वतःचा ओळख नंबर) असेल तर त्यावरनं ताडून बघा.

आणि नुसत्या पेपरच्या संख्येवर तर अजिबात जाऊ नका. २०१३ साली सायन्स मासिकासाठी एका पत्रकारानं कॅन्सरच्या औषधावरचा मुद्दाम ढोबळ चुका पेरलेला खोटा पेपर ३०४ जर्नलना पाठवला, त्यातल्या १५७ जर्नलनी तो घेतला. असली जर्नल्स पैसे भरा आणि छापा एवढंच करतात.

अथणीकर_ऊस

ते २ टक्केवाले फ्लेक्स पण सांगा की ओ! जगातील अव्वल २ टक्के शास्त्रज्ञांत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, आणि फ्लेक्सवर शास्त्रज्ञापेक्षा आमदाराचा फोटो मोठा. निवड कसली डोंबलाची, ती यादी स्टॅनफर्डचे आयोनिडिस आणि त्यांची टीम स्कोपसच्या (पेपर आणि सायटेशनचा डेटाबेस) डेटावरनं दरवर्षी काढते, कुणी मुलाखत घेत नाही की काही नाही, एक्सेल फाईल फुकट डाउनलोड होते, कुणीही बघावी. एक यादी आख्ख्या करिअरची आणि एक नुसत्या एका वर्षाची. बहुतेक फ्लेक्स त्या एका वर्षाच्या यादीवरनं लागलेले असतात. स्वतःचाच पेपर स्वतः साईट केलेला वगळून काय उरतं ते पण त्या फाईलमध्ये आहे, ते कुणी फ्लेक्सवर छापत नाही 😀

टिळकवाडी_पीएसएम

वरचं सगळं मान्य, पण एकदम दुसऱ्या टोकाला जाऊ नका, सायटेशन जास्त म्हणजे फुगवलेलंच असं काही नाही. उस्मानाबाद जिल्ह्यातला अभ्यास घ्या (आताचं धाराशिव). बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी १९९९ पासून गावोगाव हिंडून १,३१,७४६ बायका घेतल्या, वय ३० ते ५९, चार गट पाडले. एकदाच एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण होणारा व्हायरस) तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं ३४ मृत्यू आणि तपासणी न झालेल्या गटात ६४. २००९ ला न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आला आणि जगभर साईट झाला, व्हायलाच पाहिजे होता. आता गंमत बघा, त्या तपासणी न झालेल्या, म्हणजे कंट्रोल गटातल्या बायकांना तपासणी का दिली नाही म्हणून त्यावर टीकाही झाली, आणि टीका करणारासुद्धा तोच पेपर साईट करून टीका करणार, म्हणजे शिव्या आणि शाबासकी एकाच खात्यात.

बहिणीच्या विषयाला जवळचा अभ्यास म्हणजे त्रिवेंद्रमचा, २००५, लॅन्सेट. मशीन नाही काही नाही, शिकवलेल्या आरोग्यसेवकांनी उजेडात तोंड उघडून नुसतं डोळ्यांनी बघायचं, तर तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी. २०१६ ला केंद्रानं ३० ते ६५ वयासाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख तपासणीची चौकट आणली. पेपराचा खरा उपयोग तिथं दिसतो, आणि असा सरकारी कागद गुगल स्कॉलरच्या आकड्यात धरला जाईलच असं नाही.

आपला जिल्हासुद्धा कमी नाही हां, बाळंतपणातल्या रक्तस्रावावरची मिसोप्रोस्टॉल ह्या गोळीची ट्रायल बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांतच झाली, १६२० बायका आणि बाळंतपणं करणाऱ्या २५ एएनएम (गावातल्या सरकारी नर्सबाई), २००६ ला लॅन्सेटमध्ये. कॅन्सर नाही, पण अभिमान म्हणून सांगितलं.

सरांचं म्हणाल तर मोठ्या ग्रुपमधल्या माणसाकडं स्टॅटिस्टिक्सवाले असतात, ओळखी असतात, ते टाकाऊ नाही. मॅडम गाईड आणि सर को-गाईड असं विचारून बघायला काय हरकत आहे?

खानापूरची_आशा

आम्ही आशा, खानापूर तालुका. तुमचं एच-बिच आम्हाला काही कळत नाही पण मशेरीचं कुणीच काढलं नाही म्हणून लिहितो. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा सी-बॅक फॉर्म (आजाराचा धोका बघायचा सरकारी फॉर्म) आम्हाला भरायला लागतो, त्यात ओढता काय, गुटखा खैनी खाता काय असं विचारायचं असतं. बाई म्हणणार, शीऽ आम्ही कुठं खातो! आणि न्हाणीच्या कोनाड्यात मशेरीची डबी, बोट काळं झालेलं. खोटं बोलत नाही बिचारी, तिच्या हिशोबी ते दात घासणं आहे. तंबाखूच ती, तव्यावर भाजलेली, सकाळी लावली की दुपारी परत लावायला लागते, नाही लावली तर डोकं धरतंय. गेल्या वर्षी एक मॅडम सर्व्हेला आलत्या, त्यांनी तंबाखूचं विचारलंच नाही, दात कशानं घासता म्हणून विचारलं, तर सगळ्या बायका भडाभडा सांगायला लागल्या. मोठ्या यादीतले आकडे कुणी कसं विचारून आणले ते बघा म्हणावं बहिणीला.

निपाणीचा_पोरगा

ताई, हे बहिणीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, हेच तर! मॅडमच्या प्रश्नावलीत मशेरी वेगळी आहे म्हणे, म्हणून तिला तिकडं जायचंय. मग आधी सांगायला काय झालं होतं 🤦

ग्रंथालयवाले सर, तुम्ही सांगितल्यासारखं पहिलं-शेवटचं नाव लावून बघितलं. बेंगळूरच्या सरांचे गेल्या पाच वर्षांतले तीनच उरले आणि तिन्ही हॉस्पिटलच्या जुन्या रेकॉर्डवरचे. मॅडमचे अकरा निघाले. पण मामांचा एकच प्रश्न, पुढं नोकरीला कुणाचं नाव चालतंय?

टिळकवाडी_पीएसएम

इंटरव्ह्यूला बसलोय मी दोन्ही बाजूंनी, गाईडचा एच-इंडेक्स विचारताना कुणाला ऐकलं नाही. तिचं स्वतःचं पहिलं नाव असलेले पेपर किती आणि कुठल्या जर्नलमध्ये, हे विचारतात. त्यामुळं मॅडमच्या त्या अकरांत पहिलं नाव विद्यार्थ्याचं किती ठिकाणी आहे ते मोजा. आणि त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावा, पीएचडी किती वर्षांत झाली, ड्राफ्ट दिला की किती दिवसांनी परत यायचा, पैसे कुठनं आले. फोनवर लोक जे बोलतात ते कुठल्या प्रोफाइलवर सापडायचं नाही.

वखारीत जायचं तर मालकाची परवानगी आधी घ्यायला लागेल, आणि बायकांशी बोलायचं ते मालकासमोर नाही. एथिक्स कमिटीसुद्धा हे पहिलं विचारेल. संमतीपत्र मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही करून ठेवा.

खानापूरची_आशा

आमच्या बाजूच्या बायका पण घ्यायच्या असतील तर बहिणीला सांगा, आम्ही घरं दाखवतो. लसीकरणाचा दिवस सोडून कधीही या, आणि सकाळी नऊच्या आत, नंतर सगळ्या शेतात असतात.