तीन फुटी टँक: काच घेऊ की ॲक्रिलिक?

गप्पीवाला_नाशिक
लोकहो, जरा सांगा. दीड वर्षापासून माशांचा दोन फुटी काचेचा टँक आहे, गप्पी आणि मॉली, पिल्लं एवढी झालीयेत की वाटायला शेजारी संपले पण पिल्लं संपेनात. आता ३ फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच असा नवीन घ्यायचाय. दुकानदार म्हणतोय ॲक्रिलिक (काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक) घ्या, हलका असतो, फुटत नाही, पण भाव काचेच्या दुपटीच्या वर सांगतोय. घरात अडीच वर्षांचं पोरगं आहे, हातात येईल ते भिरकावतं, आणि भाड्याचा फ्लॅट, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बायको म्हणते फुटला तर खालच्यांच्या पीओपीचे पैसे तू भरायचे. काय करू?

शेवाळकाकू
माझ्याकडे चार वर्षं ॲक्रिलिक होता. पहिल्या दिवशी इतका स्वच्छ दिसतो ना, की मधे काही आहे असं वाटतच नाही, काचेला कडेने तो हिरवट रंग असतो तोही नाही. मग एक दिवस मॅग्नेटने (आतून-बाहेरून चिकटणारी चुंबकाची घासणी) शेवाळ काढताना वाळूचा एक कण मधे अडकला, मला कळलंच नाही, आणि वरपासून खालपर्यंत बरोब्बर समोरच्या बाजूला चरा. रात्री लाइट लावला की मासे नंतर, चरा आधी दिसायचा. पॉलिश करून निघतो म्हणतात पण आतल्या बाजूचा काढायचा तर अख्खा टँक रिकामा करा, मला नाही झालं. घेतलाच तर मॅग्नेट विसरा, जुनं एटीएम कार्ड वापरा, आणि काच पुसायचा स्प्रे अजिबात नाही, अमोनिया असला की ॲक्रिलिकला बारीक बारीक तडे जातात.

काचकाम
दादा, माझं काचेचंच काम आहे, टँक बनवून देतो, त्यामुळे मी काचेच्या बाजूने बोलणार हे धरूनच वाच.
तुझ्या मापाला ८ एमएम काच लागेल, रिकामा टँक साधारण ३० किलो. तेवढ्याच जाडीचा ॲक्रिलिक १५ च्या आत. तीन मजले चढवताना फरक जाणवेल, पण पाणीच जवळपास १६० लिटर, म्हणजे १६० किलो, भरल्यावर दोन्ही तेवढेच जड. घर बदलणं दर ११ महिन्यांनी असेल तर ॲक्रिलिकचा विचार कर, नाहीतर काच.
पोराने प्लास्टिकची गाडी मारली तर ८ एमएमला काही होत नाही, स्टीलचा तांब्या कोपऱ्यावर बसला तर सांगता येत नाही, तिथे ॲक्रिलिक नक्कीच जास्त सोसतो. पण माझ्याकडे जे टँक दुरुस्तीला येतात ते मार लागून आलेले फार कमी, बहुतेक स्टँड वाकडा म्हणून. चारपैकी एक पाय दोन एमएम वर असला तरी सगळा ताण एका कोपऱ्यात जातो, आज नाही तर सहा महिन्यांनी चिरतो. फ्रेम नसलेल्या टँकखाली १० एमएम थर्माकोल टाकायचाच. काचेचा जोड सुटला तर जुना सिलिकॉन खरवडून नवीन भरता येतो (बाथरूमचा बुरशीरोधक नको, मासे मरतात). ॲक्रिलिकचे जोड सॉल्व्हंटने (प्लास्टिक विरघळवणारं द्रव) एकजीव केलेले असतात, तिथे तडा गेला तर घरी काही होत नाही, सिलिकॉन त्याला नीट धरतच नाही. आणि तो पाण्याच्या दाबाने फुगतो, वरून पट्टी नसली तर पुढची भिंत पोट सुटल्यासारखी दिसते.
टफन (तापवून कडक केलेली) काच घे असंही कोणी सांगेल. ती टफन झाल्यावर कापता किंवा भोक पाडता येत नाही, आणि फुटली की अख्खी एकदम.

टेट्राप्रेमी
ॲक्रिलिकची खरी गंमत वाकवता येतो यात आहे. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात २०१५ ला नूतनीकरणानंतर ॲक्रिलिकचा बोगदा केला होता, डोक्यावरून मासे. हॉलमधल्या चौकोनी टँकला दुप्पट पैसे कशाला?

गप्पीवाला_नाशिक
काच फायनल. काकू, तो चरा वाचूनच अर्धा निर्णय झाला. पण काचकामदादांचं वाचून आत्ताच्या टँकला मोजपट्टी लावून बघितली, तर पाणी डावीकडे बोटभर वर आहे 😬 दीड वर्ष असाच उभा आहे, चालेल ना?

काचकाम
बोटभर?? भाऊ, नवीन टँकचं नंतर बघू, आधी तो अर्धा रिकामा कर. आत्ता.